आवाज कसला येतोय?

आमच्या घराला तळघर आहे. मिलवॉकीच्या आसपास बहुतेक घरांना असतंच. इथली जमीन थंडीत तीन-चार फूट खोल गोठते, म्हणून पाया त्याच्याही खाली न्यावा लागतो. आणि एवढं खणलंच आहे तर खोलीच करून टाकू, असा जुन्या लोकांचा हिशेब. त्या खोलीत हवा तापवणारी भट्टी, गरम पाण्याची टाकी, वॉशिंग मशीन आणि ड्रायर अशी चार बिऱ्हाडं आहेत. मी स्वतः दिवसाकाठी एखाद्या वेळी खाली उतरते, पण वर ओट्याशी उभी राहून त्यांचं सगळं ऐकत असते. भट्टी पेटताना आधी टिक्‌टिक् करते, मग भस्सकन सुटते. पाणी तापायला लागलं की टाकीच्या बुडाशी साचलेल्या क्षारांखालून बुडबुडे फुटतात आणि टाकी रटरटते. कपडे पिळायची वेळ आली की जिन्याच्या कठड्यावर विसरलेलं पेन थरथरतं. फोडणी करपली तर एक वेळ माझ्या लक्षात येणार नाही, पण खालचा सूर बदलला की हातातला झारा थांबतो.

फेब्रुवारीत तो असाच थांबला. थंडीचे दोन-अडीच महिने चिपळूणला काढून आम्ही परतलो होतो, बॅगा अजून दिवाणखान्यातच होत्या, आणि प्रवासातल्या कपड्यांचा पहिला घाणा ड्रायरमध्ये टाकला होता. खालून आलं, धबधबधबधब. घाईघाईचं, दबकं. मी हाक मारली, "अहो, खाली कुणी आहे का?" हे सोफ्यावरून म्हणाले, "आपण दोघंच आहोत घरात." तेवढ्यावर त्यांच्या दृष्टीने विषय संपला. दहाएक मिनिटांनी धबधब विरत गेली, आणि मग तिच्या आड लपलेला दुसरा एक आवाज पुढे आला. बारीक, चिरका, लांबवर ओढलेला. चिपळूणच्या घराच्या परड्यात विहिरीची कप्पी होती. शेजारची काकू भर दुपारी पाणी ओढायला लागली की ती कप्पी हाच सूर लावायची.

"नवा घेऊन टाकू," हे म्हणाले. नवं घ्यायची सूचना यांच्याकडे कायम तयार असते.

दुखणं सांगायला गेलं की डॉक्टरला नुसतं 'दुखतंय' म्हणून भागत नाही. ठणकतंय का सलतंय, चमक मारते का नुसतं जड वाटतं, हे सांगितलं की त्याचं अर्धं काम होतं. ड्रायरचंही तसंच आहे. पोटात काय चाललंय ते दिसत नाही, मग आवाज नीट ऐकायचा. त्यातही पहिली गोष्ट म्हणजे त्याची चाल. मोटर मिनिटाला सतराशेच्या आसपास फेरे घेते, आणि तिने फिरवलेला भलामोठा ड्रम जेमतेम पन्नास. मधे आहे एक लांबलचक बारीक पट्टा, साऱ्या ड्रमला वेढा घालून मोटरच्या टीचभर पुलीपर्यंत गेलेला. म्हणजे सेकंदाला एखादाच ठोका पडत असेल तर तो ड्रमचा किंवा पट्ट्याचा. घाईघाईने पडत असेल तर छोट्या चाकांपैकी कुणाचा तरी. ड्रम मागच्या बाजूने दोन रबरी रोलरवर टेकून फिरतो. त्यातला एक जरी एका अंगाने चपटा झाला, तर ड्रमच्या एका फेऱ्यात तो आठ-नऊ वेळा धबकतो. पत्र्यावर पत्रा घासल्याची खरखर आली तर पुढच्या कडेचा नमदा झिजलेला असतो, किंवा त्या फटीत काहीतरी अडकलेलं असतं. मागून, खालच्या अंगाने घुरघुर येत असेल तर पंख्याकडे बघायचं, कारण मोटरच्या एका टोकाला पट्टा असतो आणि दुसऱ्या टोकाला हवा ओढणारा पंखा. आणि चिरका आवाज म्हणजे काहीतरी कोरडं पडलंय: रोलरचा आस, नाहीतर पट्टा ताणून धरणारी ती मधली पुली.

हे मी कुठे शिकले? थोडं इंटरनेटवरच्या चित्रफितींतून, हे कबूल. पण कान त्याआधी तयार झाला होता, आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत. शनिवारी डबा घेऊन मला गिरणीत पाठवायचे, आणि पिठाने पांढऱ्या झालेल्या बाकावर नंबर येईपर्यंत बसावं लागायचं. भिंतीकडेला मोटर, तिच्यावरून गिरणीपर्यंत गेलेला रुंद पट्टा, आणि त्या पट्ट्याला एके ठिकाणी सांधा. तो सांधा पुलीवरून गेला की टप्प व्हायचं. टप्प… टप्प… टप्प… सगळा दिवस. गिरणीवाले काका त्या गोंगाटात गिऱ्हाइकाशी ओरडून राजकारण बोलत असायचे आणि वाक्याच्या मधेच मान वळवायचे. आम्हाला काही वेगळं ऐकू आलेलं नसायचं. ते उठून पट्ट्यावर कसलीशी वडी घासायचे किंवा बटण बंद करून म्हणायचे, "दगडाला टाकी लावायला हवी, आज नाही व्हायचं आता." लोक डबे उचलून निमूट घरी जायचे. काकांनी ऐकलंय म्हटल्यावर कोण वाद घालणार?

त्या गिरणीतून घरी जाताना जून महिना असला की डब्यावर प्लॅस्टिक बांधलेलं असायचं. चिपळूणचा जून. घरात शिरल्यावर पहिला वास ओल्या कपड्यांचा. माजघरात दोऱ्या, पडवीत दोऱ्या, स्वयंपाकघरात चुलीच्या वर आडव्या टांगलेल्या काठीवर बाबांचे बनियन. कपडे वाळायचे नाहीत, फक्त ओल्याचे दमट व्हायचे, आणि तसेच अंगावर चढायचे. आजीचं सोवळं सगळ्यात उंच दांडीवर, लांब काठीने चढवलेलं, आणि खालून आम्हा पोरांना जाता-येता "शिवू नका गो" म्हणून ओरडा. घरात बाळंतीण असली तर शेगडीत निखारे घालून वर वेताची टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर दुपटी पसरायची. दुपट्यांना धुराचा, ओव्याचा वास लागायचा. पुढे कितीतरी वर्षांनी इथल्या एका घरात नवजात बाळाला बघायला गेले, तर त्याचं दुपटं ड्रायरमधून काढलेलं, लव्हेंडरच्या वासाचं. बाळ छान होतं, पण त्याला बाळाचा वासच नव्हता.

कपडे वाळवायला विस्तव लागतो, ही काही कोकणाचीच कल्पना नव्हे. अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसन नावाच्या कृष्णवर्णीय संशोधकाने १८९२मध्ये कपडे वाळवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते यंत्र म्हणजे काय, तर चुलीच्या उबेवर कपडे पसरायची चौकट. आजीने बघितलं असतं तर "यात काय मोठंसं" म्हणाली असती. नॉर्थ डकोटात रॉस मूर नावाच्या माणसाला कडाक्याच्या थंडीत बाहेर कपडे वाळत घालणारी आपली आई बघवेना. त्याने घराशेजारी एक खोपट बांधलं, आत शेगडी ठेवली, दोऱ्या ताणल्या. म्हणजे आमचं स्वयंपाकघरच की! नंतर त्याच्या डोक्यात फिरत्या ड्रमची कल्पना आली. ती घेऊन तो कारखान्यांची दारं ठोठावत हिंडला, आणि अखेर ज्या कंपनीने ती उचलली ती इथलीच, विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावची. मिशिगन सरोवराच्या काठाकाठाने आमच्या घरापासून उत्तरेला दीडेक तास. ही हॅमिल्टन कंपनी मुळात छापखान्यांसाठी अक्षरांचे मोठाले लाकडी खिळे करणारी. आज त्या गावात लाकडी खिळ्यांचं संग्रहालय आहे. आम्ही ते बघायला गेलो होतो. सर्कशीच्या जाहिरातींत शोभतील अशी टपोरी अक्षरं, लाकडाचा आणि शाईचा वास. ह्याच लोकांनी १९३८मध्ये बाजारात आणलेल्या ड्रायरचं नाव होतं 'जून डे'.

जून डे! विस्कॉन्सिनच्या माणसाला जून म्हणजे बर्फ विसरायला लावणारं कोवळं ऊन, अंगणात दोरीवर फडफडणाऱ्या चादरी. त्याने मोठ्या प्रेमाने ते नाव ठेवलं असणार. चिपळूणच्या बाईला मात्र हे नाव सांगून यंत्र विकून दाखवावं.

त्या यंत्राची आणखी एक गंमत आहे. ते तयार झालं तेव्हा नुसती एक बंद पेटी होती. मिलवॉकीचा ब्रूक्स स्टीव्हन्स हा वस्तूंना रूप देणारा नामांकित माणूस. पुढे हार्ले-डेव्हिडसनच्या मोटारसायकलींनाही त्याचा हात लागला. त्याने ही पेटी बघितली आणि सुचवलं की दाराला काच बसवा आणि दुकानात मांडताना आत भडक रंगाच्या चड्ड्या फिरत ठेवा, म्हणजे आत काय होतं ते लोकांना कळेल. दिसल्याशिवाय कोण पैसे मोजणार? युक्ती चालली. माझ्या ड्रायरला मात्र काच नाही. साधं पांढरं दार. त्यामुळे चड्ड्यांचा नाच बघायची सोय नाही आणि सगळी भिस्त कानांवर.

शेवटी एका रविवारी मी तो उघडलाच. आधी भिंतीतला तो २४० व्होल्टचा जाडजूड प्लग काढला. यात कुणी हयगय करू नये. जाळीच्या खाचेतले दोन स्क्रू सोडवले, पुट्टी लावायचा पत्रा वरच्या झाकणाच्या फटीत सारला आणि दाबला. खट्‌कन आवाज करून झाकण सुटलं. पुढचा पत्रा निघाला. हे बॅटरी धरून जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे.

"इकडे धरा. माझ्या तोंडावर नको, चाकावर."

"कुठल्या चाकावर?"

"जे दिसत नाहीये त्याच्यावर."

"मग बॅटरीचा उपयोग काय?"

बत्तीस वर्षांच्या संसारात या प्रश्नाचं उत्तर मला देता आलेलं नाही.

आत सगळीकडे राखाडी मऊ लव साचली होती. कोपऱ्यांत, तारांवर, मोटरच्या पाठीवर. इथे तिला लिंट म्हणतात, आणि आम्हीही तेच म्हणतो. ड्रायरच्या जाळीवर दर खेपेला तिचा थर जमतो. आत लाल साडी टाका, पिवळे टॉवेल टाका, नातवाचे हिरवे मोजे टाका, थर निघतो तो निळसर राखाडीच. जाळी झटकायची इतकी सवय झालेली असते की आपण काय झटकतोय याकडे लक्षच जात नाही. ते आपलेच कपडे असतात. दर खेपेला एक पापुद्रा. आमच्याकडे लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची, गोधडी विरली की पायपुसणं, आणि पायपुसणं विरलं की बंबात. विरण्याच्या पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरीवर कापड आपल्याला ओळखू यायचं. इथे विरलेलं सगळं थेट जाळीवर जमा होतं आणि कचऱ्यात जातं, वर ते भलतंच ज्वालाग्राही. साचू दिलं तर घराला आग लागते, म्हणून दर खेपेला झटकायचं. माझ्या आईची एक सुती साडी अशी माझ्या देखत थोडी थोडी गेली. नंतर मी तिला ड्रायर दाखवणं बंद केलं. ती आता खिडकीजवळ खुर्चीच्या पाठीवर वाळते.

ड्रमच्या आतल्या अंगाला तीन टिकल्या चिकटलेल्या होत्या. पुढच्या फटीत ब्लाउजचा एक हूक, रुपयाचं एक नाणं, आणि कसलातरी प्लॅस्टिकचा तुकडा, जो हे अजूनही "महत्त्वाचा असेल" म्हणून खिडकीत जपून ठेवतात. पट्टा कुठून कसा गेलाय याचा फोटो काढून घेतला. मग तो पुलीवरून उतरवला आणि ड्रम बाहेर काढला. मागचे दोन रोलर उघडे पडले. बोटाने फिरवले. एक सुळकन फिरला. दुसरा अर्ध्या फेऱ्यात अडला. त्याच्या रबरावर अंगठा फिरवला, तर एका जागी सपाट. ताणाच्या पुलीला हलवलं तर ती आपल्या आसावर लडबडत होती. कप्पी ती हीच.

माझा हात तेलाच्या बाटलीकडे गेला. जिथे कुरकुर तिथे तेल, हे आमच्या रक्तातच आहे. गिरणीवाल्या काकांची लांब चोचीची तेलाची कुपी तर मला अजून दिसते. पण ड्रायरला वरून तेल चालत नाही. ते लिंटला धरून ठेवतं, आणि थोड्याच दिवसांत तिथे चिकट राखाडी लगदा होतो. आस कोरड्या फडक्याने लख्ख पुसायचा, झिजलेलं चाक टाकायचं, नवं घालायचं. पट्टा, रोलर आणि पुली एकाच पाकिटात मिळतात, आणि ते पाकीट दुरुस्तीवाल्याच्या नुसत्या घरी येण्याच्या पैशांपेक्षा स्वस्त पडतं. यांना हे सांगितल्यावर नव्या ड्रायरचा विषय तात्पुरता मागे पडला.

तो सपाट झालेला रोलर मी बराच वेळ हातात घेऊन बसले होते. तो फिरून झिजलेला नव्हता. फिरून झिजला असता तर सगळीकडून सारखा झिजला असता. आम्ही चिपळूणला अंगणात ऊन खात बसलो होतो, तेव्हा इथे गार तळघरात साऱ्या ड्रमचा भार त्याच एका जागेवर होता. रात्रंदिवस. रबर थंडीत कडक होतं, जसं दाबलं जातं तसंच राहतं. मशीन सुरू झाल्यावर ऊब लागून थोडं सैल होतं, म्हणून धबधब हळूहळू विरायची. जुन्या रबराला मात्र पुरतं गोल होणं जमत नाही.

चिपळूणला पोचल्यावर पहिले चार दिवस आम्ही काय करत असतो? दार उघडत नाही, कारण पावसाळ्यात फुगलेलं लाकूड चौकटीत घट्ट बसलेलं असतं. पंपाचं बटण दाबलं तर नुसता हुं हुं करतो आणि फिरत नाही, मग वायरमन येतो, मागच्या पंख्यात स्क्रू-ड्रायव्हर घालून एक हिसका देतो आणि म्हणतो, "काकू, चालवत नाही ना कोण, जाम होतो." नळाचे वायसर कोरडे पडून गळायला लागलेले. छताचा पंखा काठीने ढोसल्याशिवाय फिरत नाही. "बंद घर लवकर मोडतं," असं शेजारी दर वर्षी सांगतात, थोडं काळजीने आणि थोडं टोमण्याने. ते सगळं दुरुस्त होऊन घर जरा बोलायला-चालायला लागतं, तोवर आमची परतीची तिकिटं जवळ आलेली असतात. आणि इथे आलो की हा रोलर. आम्ही ज्या घरात नसतो ते घर उभ्या उभ्या झिजत असतं. यात कुणाचा दोष म्हणायचा, तर तिकिटाचा म्हणावा लागेल.

हे म्हणतात, "तिकडे असताना इथे कुणाला तरी आठवड्यातून एकदा ड्रायर फिरवायला सांगू." रिकामा ड्रायर फिरवायला शेजारणीला किल्ली द्यायची, ही कल्पना मला फार आवडली आहे, पण तिला ती कशी समजावून सांगायची हे अजून ठरत नाही. तिला बागेतल्या झाडांना पाणी घाला, एवढं सांगता येतं. थंडीत तर तेही नसतं.

दोरीचं म्हणाल, तर इथल्या उन्हाळ्यात दोरीसारखं सुख नाही. पण आमच्या वसाहतीच्या नियमावलीत उघड्यावर कपडे वाळत घालायला मनाई आहे. म्हणे घरांची किंमत घसरते. पलीकडच्या सोनेरी केसांच्या आजींना विचारलं तर त्या हसल्या. त्यांच्या लहानपणी परसातली दोरी रिकामी दिसली तर लोक चौकशी करायचे, बाई आजारी आहे का म्हणून. फ्लोरिडा, व्हरमाँट अशा काही राज्यांत दोरीवर कपडे वाळवण्याचा हक्क राखायला चक्क कायदे करावे लागले आहेत. मुंबईच्या धोबीघाटावर दोन पदरी पिळाच्या दोऱ्यांत चिमट्यावाचून खोचलेले हजारो कपडे उन्हात डोलतात, आणि लोक पुलावर उभं राहून त्यांचे फोटो काढतात. इथे माझी एक चादर दिसली तर पत्र येतं. तरी मी काही दोरीची भक्त नाही. चिपळूणच्या त्या दमट जूनमध्ये, ओले बनियन अंगावर चढवून शाळेत जाताना, कुणी मला हा खडखडणारा पांढरा डबा देऊ केला असता तर मी त्याची पूजा केली असती. उणे वीस अंशांत, सगळी गल्ली गोठून पडलेली असताना, आपल्या घराच्या भिंतीतून साबणाच्या वासाची पांढरी वाफ बाहेर पडताना बघणं यातही एक ऐश आहे.

नवे रोलर बसले. ड्रायर आता एका सुरात घुमतो. दुरुस्तीची बातमी मात्र यांनी इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीपासून लांबलेल्या हळदीकुंकवात मोठ्या अभिमानाने, स्वतः बॅटरी धरल्याच्या उल्लेखासकट, सगळ्यांना सांगितली. तेव्हापासून माझी नवीच पंचाईत झाली आहे. परवा आमच्या मागच्या गल्लीतली मुलगी, पुण्याहून येऊन वर्षच झालेली, कडेवर पोर घेऊन दारात उभी. तिचा ड्रायर अगदी नवा, काचेच्या दाराचा, काम झालं की गाणं म्हणणारा, फोनवर निरोप धाडणारा.

"काकू, हे ऐका ना जरा. काय असेल?" तिने फोन माझ्या कानाशी धरला.

पोर रडतंय, टीव्हीवर बातम्या चालू आहेत, आणि त्या सगळ्याच्या मागे कुठेतरी एक खडखड येते, थांबते, पुन्हा येते.

"फोनवर काय दाखवतोय तो?"

"सगळं ठीक आहे म्हणतोय."

"रिकामा फिरवून बघितलास?"

"नाही."

"मग आधी सगळे कपडे बाहेर काढ. पोराला बाबाकडे दे, टीव्ही बंद कर. आणि फोन दाराशी नको धरूस. मागच्या बाजूला, खाली, भिंतीकडे धर. सुरू केल्या केल्या येतो का तापल्यावर, तेवढं बघ. नाहीतर थांब, मीच येते."